वजनाच्या ऑपरेशननंतर सॅलडची घाई नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या आरोग्य पुरवणीत मध्यंतरी वजन कमी करायच्या ऑपरेशनवर लेख आला होता. लेख चांगला होता, ऑपरेशन कुणाचं करतात कुणाचं नाही हे नीट सांगितलं होतं, पण शेवटच्या चौकटीत 'ऑपरेशननंतर भरपूर सॅलड आणि कच्च्या भाज्या खाव्यात' असं एका ओळीत उरकून टाकलंय, त्यावरून हे पत्र. कधीपासून, किती, कुठल्या, कशा करून, काहीच नाही. आमच्या जाऊबाईंचं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय आणि घरातला स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे ही असली ओळ कुणी मनावर घेतली की काय होतं ते मी बघितलंय.

लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, वजन म्हटलं की सॅलड. साध्या डाएटवाल्याला ते ठीक आहे हो, त्याचं पोट मोठं असतं आणि ते कमी कॅलरीत भरायचं असतं. इथे सगळं उलटं. स्लीव्हमध्ये जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढूनच टाकतात, केळ्याएवढी एक नळी उरते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे, जठराचीच छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) तर वरची पिशवी साधारण ३० मिलीची, म्हणजे दोन मोठे चमचे. आता एवढ्याशा जागेत तुम्ही काकडीच्या चकत्या भरल्या की संपलं जेवण. १०० ग्रॅम काकडीत ९५ टक्के पाणी आणि प्रोटीन एक ग्रॅमसुद्धा नाही, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतं, आणि ह्या पेशंटना दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन पोटात जायला हवं असतं नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात, अशक्तपणा येतो. आमच्या डाएटीशियनबाई पहिल्या भेटीपासून एकच घोकून घेत होत्या, आधी प्रोटीन, मग शिजलेली भाजी, आणि जागा उरली तर बाकीचं. सॅलड ह्या 'बाकीच्यात' येतं.

दुसरी गोष्ट चावण्याची, आणि ही जास्त महत्त्वाची. धडधाकट माणसाचं जठर घन अन्न घुसळून घुसळून एक-दोन मिलिमीटरइतकं बारीक करतं, मगच पुढे आतड्यात सोडतं. बायपासमध्ये घुसळणारा तो भागच वाटेतून बाजूला झालेला असतो. स्लीव्हमध्ये तो बराचसा शाबूत असतो पण नळी अरुंद, आणि सुरुवातीला आतून सूज. कच्च्या भाजीचा चोथा जठरात विरघळत नाही, कुणाच्याच नाही, तो फक्त बारीक होतो. म्हणजे जे काम पोट करायचं ते आता दातांनी करायचं. शिजवल्यावर भाजी निदान मऊ तरी पडते.

आमच्याकडे एक पाहुणे आले होते, जाऊबाईंच्या ऑपरेशनला तेव्हा महिना उलटून थोडेच दिवस झाले होते. माणूस प्रेमळ, स्वतः किचनमध्ये जाऊन गाजर-कोबीची मोठी प्लेट कापून आणली, वर 'पेपरात आलंय, हे तर खायलाच पाहिजे' हा आग्रह. जाऊबाई भिडस्त, सगळे बघतायत म्हणून दोन-तीन तुकडे घाईत खाल्ले. मिनिटभराने बोलायच्याच थांबल्या. हात छातीच्या मधोमध, डोळ्यांत पाणी, आणि तोंडात चिकट फेसाळ लाळ यायला लागली, गिळता येईना आणि थांबेनाही. बेसिनवर वाकून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कुणीतरी ग्लास घेऊन धावलं, घोटभर पाणी पी म्हणजे खाली जाईल. मी तो ग्लास अक्षरशः हिसकावून घेतला, कारण खाली वाटच अडलेली, पाणी वर साचतं आणि कळ वाढते. बऱ्याच वेळाने ते बाहेर पडलं, गाजराचा तुकडा, सुरीने कापलेल्या कडा जशाच्या तशा! कशावर कुणाचं अडेल सांगता येत नाही पण कोबी, सेलरी, ब्रोकोलीचे दांडे, मक्याचे दाणे, जाड सालं ही नेहमीची मंडळी. क्वचित कधी असा चोथा साठून पोटात त्याचा गोळाच होतो, डॉक्टर त्याला फायटोबेझोआर म्हणतात, मग दुर्बीण घालून फोडून काढावा लागतो.

म्हणून क्रम असतो. आधी पातळ, मग दाट लिक्विड, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि कच्चं सगळ्यात शेवटी. बऱ्याच ठिकाणी दोन महिन्यांच्या पुढे सांगतात, काही सर्जन तीन महिने थांबवतात, ज्याने ऑपरेशन केलंय त्याचंच ऐकायचं, शेजारच्याचं नाही (आणि पेपरचंही नाही, राग मानू नका). आम्ही सुरुवात केली ती काकडीने, साल काढून आणि उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने खरवडून. जेवणाच्या शेवटी दोन चमचे, आणि तेही घरी, दिवसा. दोन-तीन दिवस काही झालं नाही तर पुढची भाजी, एका वेळी एकच नवी, म्हणजे त्रास झाला तर चोर कोण ते कळतं. टोमॅटो गरम पाण्यात टाकून सोलून. लेट्यूसची कोवळी पानं मधली शीर काढून. गाजर आधी वाफवूनच, किसलेलं कच्चं फार नंतर. कोबी अजून लांबच ठेवलाय. घास नखाएवढा आणि तोंडात त्याची पेस्ट होईपर्यंत चावायचं, वीस-तीस वेळा सहज होतं. दात हलत असतील किंवा कवळी नीट बसत नसेल तर आधी दातांच्या डॉक्टरकडे जा.

ड्रेसिंगवर कुणी बोलतच नाही. बाटलीतल्या गोड ड्रेसिंगने, विशेषतः बायपासवाल्यांना, डंपिंग होऊ शकतं, म्हणजे घाम, धडधड, पोटात मुरडा, जुलाब. तेलकट क्रीमवालं घातलं तर कॅलरी बेमालूम आत जातात, मग सॅलड कशाला खायचं! लिंबू आणि चिमूटभर मीठ पुरतं. आणि धुणं, कच्चं खायचं म्हणजे वाहत्या पाण्याखाली पान न् पान, कारण जंतू मारणारं पोटातलं ॲसिड ऑपरेशनने आणि नंतर दिलेल्या ॲसिडच्या गोळ्यांनी कमी झालेलं असतं.

ह्याचा अर्थ कच्चं कधीच खाऊ नये असा मुळीच नाही. घाबरून वर्षानुवर्षं भाजीच सोडलेले पेशंट पण फॉलोअपला भेटतात, त्यांचं वेगळंच रडगाणं असतं, बद्धकोष्ठ. अन्नच कमी, त्यात लोहाच्या गोळ्या. तंतू लागतातच, पण ते शिजवलेल्या भाजीतही असतात, शिजवल्याने उडून जात नाहीत. सोबत दिवसभरात दीड लिटर पाणी घोट-घोट, मात्र जेवताना नाही, जेवल्यावर अर्ध्या तासाने.

एक गोष्ट तर चौकटीत ठळक अक्षरात हवी होती. एखादा घास अडकणं वेगळं, पण रोजच उलट्या होत असतील किंवा पाणीसुद्धा टिकत नसेल तर 'सॅलड बाधलं असेल' म्हणत घरी बसू नका, त्याच दिवशी सर्जनला गाठा. आतली नळी किंवा आतड्याचा जोड आकसलेला असू शकतो, आणि काही आठवडे उलट्या चालल्या तर व्हिटॅमिन बी१ इतकं घटतं की मेंदूला इजा होते.

तेव्हा विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत ती ओळ दुरुस्त करून छापा. 'भरपूर' काढून टाका, आणि 'सर्जनच्या परवानगीनंतर, प्रोटीन खाऊन झाल्यावर, सोलून, बारीक करून, दोन चमच्यांपासून' एवढं घाला. जागा तेवढीच लागेल. आमच्या पाहुण्यांना कात्रण मी स्वतः पाठवीन.

आपली,
एक नियमित वाचक