रोहित्र बदलले, जळण्याचे कारण तिथेच

संपादक महोदय,

रब्बीत गहू-हरभऱ्याला पाणी द्यायच्या ऐन वेळी डीपी (शेतातले रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळते. दुसरी बसते आणि तीही त्याच हंगामात जाते. पहिली का जळली हे न शोधता नवी चढवली, तर वेगळे काही घडणार नाही. हे शोधायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, टाँगटेस्टर (तारेभोवती पकडून प्रवाह मोजायचे यंत्र) आणि साधा हिशेब पुरतो.

वीज लांबवर न्यायची तर दाब (व्होल्टेज) चढवावा लागतो, म्हणजे प्रवाह आणि तारांतली गळती कमी होते. त्यासाठी वीजकेंद्राजवळ दाब चढवणारी आणि उपकेंद्रांत तो उतरवणारी मोठी पॉवर रोहित्रे असतात. त्यांच्यावर रिले (बिघाड होताच पुरवठा तोडायला लावणारे उपकरण), तापमापक, माणसांची पाळी अशी चोवीस तास राखण असते. शेतातले वितरण रोहित्र 11 हजार व्होल्टचे 433 करते, आणि त्याच्या राखणीला फ्यूज आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा लाइटनिंग अरेस्टर यांशिवाय काही नाही.

100 केव्हीएच्या (रोहित्राचे माप केव्हीएत सांगतात) रोहित्राची पूर्ण क्षमता प्रत्येक फेजला 133 अँपिअर, 63 केव्हीएची 84. पाच एचपीचा पंप पूर्ण भारावर, कपॅसिटर (लाईनवरून घेतला जाणारा प्रवाह कमी करणारा भाग) नसेल तर, साधारण 7.8 अँपिअर घेतो. म्हणजे शंभरच्या डीपीवर 17 पंप आणि त्रेसष्टच्या डीपीवर जेमतेम 10. तारेवर आकडे टाकून चोरून चालवलेले आणि पाटीवर पाच पण प्रत्यक्षात साडेसात एचपीचे पंप यात धरलेलेच नाहीत. प्रवाह 20 टक्क्यांनी वाढला की रोहित्रातल्या तारेच्या वेटोळ्यांतली उष्णता 44 टक्क्यांनी वाढते, आणि त्यांच्यावरचा इन्सुलेशनचा कागद करपू लागतो. शेवटच्या पंपापर्यंत व्होल्टेज 350 वर घसरले, तर तोच पंप नऊ अँपिअरच्या पुढे जातो.

सर्वात घातक ठरतो तो ऑटोस्विच, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारा. रात्री थ्री-फेज आली की सगळ्या मोटरी एकदम उचलतात. सुरू होताना मोटर सहापट प्रवाह मागते, म्हणजे पंधरा पंपांचे कागदावर 700 अँपिअर होतात. प्रत्यक्षात व्होल्टेज कोसळल्यामुळे प्रवाह थोडा कमी भरतो, पण मोटरी वेग घेत नाहीत आणि तो ताण लांबत जातो. रोजच्या या धक्क्याने वेटोळी सैल होतात. रात्री-अपरात्री बांधावर जायचे नाही म्हणून ऑटोस्विच बसतो, त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. स्टार्टरमध्ये टायमर घालून प्रत्येक पंपाला दहा-पंधरा सेकंदांचे अंतर ठेवले की काम भागते.

पाच एचपीच्या पंपाला दोन केव्हीएआर मापाचा कपॅसिटर लावला की 7.8 चे साधारण 6.6 अँपिअर होतात. त्याच डीपीवर 17 ऐवजी 20 पंप चालतात. एवढा स्वस्त उपाय दुसरा नाही, तरी निम्म्या स्टार्टरांत कपॅसिटरच्या वायरी तोडून ठेवलेल्या दिसतात.

फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार बांधणे हाही नेहमीचा प्रकार. मग लाईनवर शॉर्ट झाला की फ्यूजऐवजी वेटोळेच वितळते. ब्रीदरमधले (रोहित्रात जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातले) सिलिका जेल निळे असायला हवे. गुलाबी झाले म्हणजे ओल आत शिरते आहे. (नवीन जातीचे जेल नारिंगी असते, ते हिरवे पडते.) तेल गळून किंवा चोरीला जाऊन पातळी खाली गेली, तर वरचे वेटोळे उघडे पडते. मे-जूनच्या वळवाआधी लाइटनिंग अरेस्टरची जोडणी आणि अर्थिंग तपासलेच पाहिजे. न्यूट्रलची तार तुटली, तर घरातले दिवे आणि टीव्हीही जातात. ही तपासणी लाईनमनने पुरवठा बंद करूनच करायची. गावकऱ्यांनी खालून पाहून कळवावे, खांबावर चढू नये.

वीज कंपनीकडे मागणी एवढीच आहे. जळलेले रोहित्र उतरवताना तेलाची पातळी, जेलचा रंग, फ्यूजच्या जागी सापडलेली तार आणि डीपीवरच्या सगळ्या पंपांची एचपीची बेरीज लिहून घ्यावी. नवे बसल्यावर सर्व पंप चालू असताना तिन्ही फेजचा प्रवाह मोजून ती नोंद ग्रामपंचायतीला द्यावी. भार क्षमतेबाहेर असेल, तर त्याच मापाचे रोहित्र पुन्हा न लावता दोन-तीन शेतकऱ्यांमागे 16 किंवा 25 केव्हीएचे छोटे रोहित्र द्यावे. उच्चदाब वितरण प्रणालीत हेच केले जाते. तिथे लघुदाबाची (433 व्होल्टची) तार आखूड राहते, आकडा टाकायला जागा उरत नाही, आणि एक रोहित्र गेले तरी सगळ्या शिवाराचे पाणी थांबत नाही.

— एक वीज अभियंता, जि. सोलापूर