मान्सूनसाठी विकलेले कोटिंग, आणि वॉरंटीतून वगळलेला पाऊस

रत्नागिरी
दि. १९ ऑगस्ट २०२४

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : गाडीवरील सिरॅमिक कोटिंग दोन महिन्यांत निकामी झाल्याबद्दल आणि वॉरंटी नाकारल्याबद्दल

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या येथील अधिकृत स्टुडिओत मी ६ जूनला माझी गडद निळी गाडी सिरॅमिक कोटिंगसाठी, म्हणजे रंगावर बसवायच्या पारदर्शक संरक्षक लेपासाठी दिली. २८,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ३३,०४० रुपये भरले. पाच वर्षांची वॉरंटी मिळाली. आज गाडीच्या बॉनेटवर चण्याएवढे पांढुरके डाग आहेत, मागच्या डाव्या दारावर तेलकट दिसणारा पट्टा आहे आणि टपावरचे पाणी घरंगळून न जाता पसरून बसते. १ ऑगस्टला तक्रार केली. ९ तारखेला आपला ईमेल आला, की पाण्याचे डाग, पक्ष्यांची विष्ठा, झाडांचा चीक आणि 'हवामानाचे परिणाम' वॉरंटीत बसत नाहीत.

तो वाचून मी आपले माहितीपत्रक पुन्हा काढले. पहिल्याच पानावर धो धो पावसात उभी असलेली गाडी आहे आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मान्सून प्रोटेक्शन'. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. मान्सूनसाठी म्हणून घेतलेल्या वस्तूच्या वॉरंटीतून पाऊस, पक्षी आणि झाडे वजा केली, तर कोकणातल्या गाडीसाठी त्यात उरते काय?

आता गाडी ताब्यात मिळाली त्या दिवसाबद्दल. आपल्याच सूचनापत्रात लिहिले आहे, की कोटिंग लावल्यावर पहिले २४ तास गाडीला पाणी लागता कामा नये आणि सात दिवस ती धुऊ नये. ७ जूनला दुपारी कोटिंग लावून झाले. संध्याकाळी सहाला स्टुडिओतून फोन आला, 'काका, गाडी तयार आहे, घेऊन जा, आम्हाला जागा मोकळी करायची आहे.' बाहेर मृगाचा पाऊस सुरू झालेला. मी सूचनापत्र दाखवले, तर तिथला मुलगा म्हणाला, 'एवढ्याने काही होत नाही.' माझी चूक एवढीच, की मी त्याच्यावर विश्वास ठेवला. गाडी घरी पोचेपर्यंत चिंब भिजली होती, आणि चिऱ्याच्या खाणीकडून येणाऱ्या ट्रकांनी रस्ताभर कालवलेला तांबडा चिखल दारांपर्यंत उडाला होता.

कोटिंग वाळवण्यासाठी आपल्या जाहिरातीत दिसतो तो इन्फ्रारेडचा दिवा स्टुडिओत आहे, नाही असे नाही. तो कोपऱ्यात प्लास्टिक गुंडाळून उभा होता, कारण पहिल्या सरीबरोबर लाइट गेली होती. (ती जाणार हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.) अर्धे शटर उघडे, आत ओलसर हवा, ना एसी ना बॅटरीवरचा दिवा. असल्या दमट हवेत हा लेप पुसून एकसारखा करण्याआधीच आवळतो आणि त्याचे पट्टे राहतात, हे आपल्याच तंत्रज्ञाने मला नंतर फोनवर सांगितले. मागच्या दारावरचा पट्टा नेमका तसाच आहे. त्याला 'हवामानाचा परिणाम' म्हणणार असाल, तर ते हवामान आपल्या शटरच्या आतले होते.

थोडे विषयांतर करतो. मी तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. विक्रेत्याने मला सांगितले, की या कोटिंगची कठीणता '९ एच' आहे, म्हणजे हिऱ्याच्या खालोखाल. हिऱ्याचा दहा हा आकडा खनिजांच्या मोजपट्टीवरचा. '९ एच' ही पेन्सिल असते. त्या चाचणीत वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली रंगावर ओढून कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. पेन्सिलीला टिकणारा लेप चांगलाच असेल, पण त्याचा हिऱ्याशी काही संबंध नाही. आपल्या विक्रेत्यांना एवढे तरी शिकवावे.

डागांचे म्हणाल, तर मुसळधार पावसात ते पडत नाहीत. ते पडतात उघडिपीत. सर येऊन जाते, थेंब बॉनेटवर गोल उभे राहतात, त्यात हवेतली धूळ आणि समुद्राकडून येणारे क्षार विरघळलेले असतात. मग तासभर कडक ऊन पडते आणि प्रत्येक थेंब जागच्या जागी आटून आपला गाळ तिथेच ठेवतो. म्हणजे ज्या गोल थेंबांचे व्हिडिओ दाखवून आपण कोटिंग विकता, तेच थेंब सपाट बॉनेटवर डागांचे कारण ठरतात. विकताना हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते, तर प्रत्येक उघडिपीला मी फडके घेऊन धावलो असतो, किंवा मुळात कोटिंगच केले नसते.

आपल्या कस्टमर केअरने पाणी घातलेल्या व्हिनेगरने डाग पुसायला सांगितले. एका कोपऱ्यात करून पाहिले. निम्मे गेले, निम्मे तसेच आहेत, आणि बोट फिरवले की त्यांचे खळगे जाणवतात. म्हणजे ते आता वरचे राहिलेले नाहीत, रंगात उतरले आहेत. दुसरा सल्ला होता गाडी कव्हरने झाकून ठेवण्याचा. श्रावणात ओल्या, चिखल लागलेल्या गाडीवर कव्हर घातले, तर वाऱ्याने ते दिवसभर घासत राहते आणि आतली ओल बाहेर पडत नाही. हा सल्ला देणाऱ्याने कोकणातला पावसाळा पाहिलेला नसावा.

याहून मला जास्त काळजी पॉलिशची वाटते. कोटिंगच्या आधी मशीनने पॉलिश केले होते. परवा एका जाणत्या रंगाऱ्याने मीटर लावून रंगाची जाडी मोजली. दारांवर ११२ ते ११८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) भरली, बॉनेटच्या पुढच्या कडेला ९१. मूळ रंगात वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचाच असतो, आणि पॉलिश करताना घासला जातो तो हाच थर. कारखान्यातूनच बॉनेटवर रंग कमी बसला असेल, हे मी मानायला तयार आहे. पण मग पॉलिशच्या आधीची मापे दाखवा. आपल्या जॉब कार्डावर त्यासाठी रकाना आहे आणि तो कोरा आहे.

माझी मागणी अशी, की स्टुडिओचा नसलेला तज्ज्ञ पाठवून गाडीची तपासणी करावी, जाडीची मापे माझ्यासमोर लिहून घ्यावीत आणि ३३,०४० रुपये परत करावेत. बॉनेटचा रंग दुरुस्त करावा लागला, तर तो खर्च वेगळा. पुन्हा मोफत कोटिंग करून देण्याचा प्रस्ताव मला नको, कारण त्यासाठी पुन्हा पॉलिश लागेल आणि बॉनेटवर घासण्याजोगे फारसे उरलेले नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि नंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे बिलाच्या मागे छापलेले 'वाद फक्त मुंबईच्या न्यायकक्षेत' हे वाक्य मला अडवणार नाही.

तपासणीला येणाऱ्याने कृपया आदल्या दिवशी फोन करावा. गाडी कोरडी आणि उजेडात असल्याशिवाय डाग नीट दिसत नाहीत, आणि सध्या इथे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळणे कठीण आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत : बिल, वॉरंटी कार्ड, जॉब कार्ड व सूचनापत्राच्या प्रती, अकरा छायाचित्रे