यंत्राआधीची अर्धी लढाई

प्रिय सुधीर,
स. न.

वॉर्डातल्या मुलांचे क्षयाचे अहवाल सारखे निगेटिव्ह येतात, यंत्रच बिघडलंय का, असं तू विचारलंस. यंत्राआधी नमुना बघ. मुलांच्या क्षयात मुळात जंतूच कमी. स्मिअरमध्ये, म्हणजे काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघताना, दिसायला एका मिलिलिटरमध्ये ५,००० ते १०,००० तरी लागतात. जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राच्या अल्ट्रा कार्ट्रिजला १६च्या आसपासही पुरतात. पण तेवढे तरी नमुन्यात उतरायला हवेत ना!

पाच वर्षांखालचं मूल बेडका थुंकत नाही, गिळतं. रात्रभर गिळलेलं पहाटे जठरात साठलेलं असतं. मूल उठलं, दूध प्यायलं की ते पुढे सरकतं. म्हणून नाकातून जठरात जाणारी नळी अंथरुणातच, उपाशीपोटी घालायची. सकाळच्या राउंडनंतर घातलीत तर हाती नुसतं आम्ल. ५ ते १० मिली स्राव ओढा. काहीच आलं नाही तर थोडं निर्जंतुक सलाइन सोडून पुन्हा ओढा. नळाचं पाणी मात्र चुकूनही नको. त्यात क्षयाच्या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद असतात आणि स्मिअर खोटा पॉझिटिव्ह दिसतो. कल्चर करायचंय, म्हणजे जंतू वाढवून बघायचेत, आणि नमुना चार तासांत प्रयोगशाळेत पोचणार नसेल, तर सोडियम बायकार्बोनेट घालून आम्ल मारा, नाहीतर जंतूच मरतात. एकाच नमुन्यावर थांबू नका, लागोपाठच्या दोन-तीन पहाटेचे घ्या.

नळी घालणं जमत नाही तिथे शौच घ्या. दहा वर्षांखालच्या मुलांत अल्ट्रासाठी शौच चालतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पद्धत सोपी: सुमारे ०.८ ग्रॅम शौच लाकडी काडीने थेट ८ मिलीच्या सॅम्पल रिएजंटच्या (कार्ट्रिजसोबत येणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत टाका. ३० सेकंद जोरात हलवा, १० मिनिटं ठेवा. पुन्हा ३० सेकंद हलवा, पुन्हा १० मिनिटं ठेवा. मग वरचं निवळ २ मिली कार्ट्रिजमध्ये. लोक चुकतात ते इथेच. ‘जास्त घातलं की जास्त सापडेल’ म्हणून चमचाभर शौच घालतात, आणि गाळ कार्ट्रिजमध्ये जाऊन ‘एरर’ येतो किंवा चाचणी अवैध ठरते. घाईत दुसरी १० मिनिटं वगळलीत तरी तोच प्रकार.

कल्चरवाल्यांनाही एक विचार: नमुन्यातले इतर जंतू मारणाऱ्या एनएएलसी-सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये नमुना किती वेळ राहतो? ठरलेली १५ मिनिटं चहाच्या नादात २५ झाली, तर मुळातले मूठभर जंतूही संपतात. एमजीआयटीची, म्हणजे कल्चरच्या द्रवाची, नळी ४२ दिवसांआधी निगेटिव्ह म्हणून काढू नये, हेही बजाव.

अल्ट्रात ‘ट्रेस’, म्हणजे जंतूंची अगदी पुसट खूण, आलं तर मुलांत ते पॉझिटिव्हच धर. फक्त रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध लागू पडेल का, हे त्यातून कळत नाही. आणि निगेटिव्ह आलं म्हणून क्षय नाही असं लिहू नकोस. घरातला रुग्ण, एक्स-रे, न वाढणारं वजन बघून उपचार तूच ठरवायचेस.

पुढच्या वेळी कागदावर नमुना कधी घेतला आणि मूल तेव्हा किती तास उपाशी होतं, एवढं लिहून पाठव.

तुझा,
अनिल