काळ्या दगडातला जुना वायू

कोल्हापूर

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

दख्खनच्या काळ्या दगडात आता नवं काय मिळणार, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हापासून मनात घोळतंय ते लिहितो.

हेलिअम वायूचे दोन प्रकार, हलका हेलिअम-3 आणि जड हेलिअम-4. पृथ्वी घडताना तिच्या पोटात हेलिअम-3 अडकला. आत तो नव्याने जवळपास तयार होत नाही. हेलिअम-4 मात्र युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारातून सतत वाढत राहतो. म्हणून हेलिअम-3चं हेलिअम-4शी गुणोत्तर मोलाचं; ते जितकं जास्त, तितका वायू जुना, मूळचा. हवेतलं गुणोत्तर 1 धरलं, तर महासागराच्या मधल्या पर्वतरांगांच्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे अशाच काळ्या लाव्हाच्या दगडात, ते साधारण 8 भरतं. हवाई आणि आइसलंडच्या काही दगडांत 30च्याही वर. हेलिअमसारखे राजवायू सहसा कशाशी संयोग पावत नाहीत, म्हणून ही साक्ष टिकते.

1993 साली आशिष बसू आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या मुंडवाऱ्याच्या खडकांत 13.9 मोजलं. ते खडक सुमारे 6.85 कोटी वर्षांचे, सह्याद्रीच्या मुख्य लाव्हाआधीचे. दख्खनच्या मुळाशी खोल प्रावरणातून (पृथ्वीचं कवच आणि गाभा यांमधल्या थरातून) वर आलेला तप्त स्तंभ होता, या मताला त्यातून मोठा आधार मिळाला.

पण पन्हाळ्याचा दगड फोडला की हेच सापडेल, असं धरून चालू नकोस. लाव्हा वर येताना दाब उतरतो आणि बहुतेक वायू निघून जातो. ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या स्फटिकात कोंडलेला तेवढा उरतो. शिवाय उघड्या खडकावर अवकाशातून येणारे विश्वकिरण आदळून नवा हेलिअम-3 बनतो आणि तो फसवतो! म्हणून नमुना खाणीच्या खोल भागातला घ्यावा आणि स्फटिक निर्वातात चिरडावेत. मग मुख्यतः कोंडलेलाच वायू सुटतो. हा भाग प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने कर, अशी माझी फार इच्छा आहे.

झेनॉन या दुसऱ्या राजवायूची गोष्ट तर मला हेलिअमहून थोर वाटते. किरणोत्सारी आयोडीन-129चा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे 1.6 कोटी वर्षं. पृथ्वीच्या पहिल्या दहाएक कोटी वर्षांत तो जवळजवळ संपला आणि मागे झेनॉन-129 उरला. 2012 साली सुजय मुखोपाध्याय यांनी आइसलंडच्या बेसॉल्टमधल्या या झेनॉनच्या वेगळ्या प्रमाणावरून दाखवलं, की प्रावरणाचे दोन भाग 445 कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते. एवढ्या काळाच्या ढवळण्यातही तो भेद पुसला गेला नाही. मुक्ता, आपल्या शास्त्रात याहून मोठी बातमी मला तरी ठाऊक नाही.

हा जुना हेलिअम गाभ्यातून झिरपतो की प्रावरणाच्या तळाशीच साठलेला आहे, यावर अजून वाद आहे. तुझ्या सरांचं मत विचार आणि सविस्तर कळव.

तुझे बाबा