डोल्डरच्या वेशीसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

फ्रान्समधल्या आल्सास प्रांतात येणारी आपली मंडळी कोलमार शहर पाहून झालं की द्राक्षमळ्यांतून रिकविर या गावाला येतात. मुख्य रस्त्याचा चढ चढून वर येतात, डोल्डर या वेशीच्या बुरुजासमोर फोटो काढतात आणि तिथूनच माघारी वळतात. आमची पहिली विनंती अशी, की तिथून वळू नका. कमानीखालून पलीकडे जा आणि मग मागे पाहा.

गावातून दिसणारा डोल्डर म्हणजे लाकडी चौकटींचं, खिडक्यांचं उंच घर. बाहेरून पाहिलं तर तोच बुरूज नुसता दगड! 1291 साली गावाला तटबंदी झाली, तेव्हाची ही वेस. उंची 25 मीटर. वर पहारेकऱ्याचा मुक्काम असे, नजर रस्त्यावर आणि हात घंटेच्या दोरीवर. पुढे 1500च्या सुमारास बाहेरून दुसरा तट आला आणि त्यात ओबरटोर हा दुसरा दरवाजा. वरून खाली सोडायचं त्याचं जाळीदार फाटक अजून जागेवर आहे. ते लहान मुलांना जरूर दाखवा. हिरकणीची गोष्ट ऐकलेल्या मुलाला दिवस मावळताना बंद होणारा दरवाजा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

हा बुरूज आज उभा आहे, याचं आम्हाला दर वेळी नवल वाटतं. 1944-45च्या हिवाळ्यात कोलमारभोवतीच्या लढाईत बेनविर, मिटेलविर ही अगदी शेजारची गावं जमीनदोस्त झाली. रिकविर वाचलं. जे तोफांतून वाचलं, ते पावसापाण्याने आणि आपल्या दुर्लक्षाने जाऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.

डोल्डरमध्ये गावच्या इतिहास मंडळाचं छोटं संग्रहालय आहे. आम्ही या भागात स्थायिक झालेली काही मराठी कुटुंबं. आपल्या लोकांसाठी मराठी माहितीपत्रक तयार करायचं आम्ही ठरवलं आहे आणि त्यासाठी मदत हवी आहे.

फ्रेंच किंवा जर्मन जाणणाऱ्यांनी मजकूर तपासायला वेळ द्यावा. दोन तास दिलेत तरी पुष्कळ आहेत. कोणाला रेखाटनं येत असतील तर बुरुजाच्या दोन्ही बाजूंची चित्रं हवीत. छायाचित्रात त्याचा खरा भेद उतरत नाही. छपाईच्या खर्चासाठी ज्याला जमेल तेवढी रक्कम चालेल. जमा-खर्चाचा हिशोब प्रत्येक देणगीदाराला पाठवू, आणि उरलेली रक्कम संग्रहालयाच्या दानपेटीत टाकू.

गडसंवर्धनाचं काम करणाऱ्या मंडळींना मात्र वेगळी हाक आहे. चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंट लावलं की आतला ओलावा कोंडतो आणि दगड झिजू लागतो, हे तुम्ही सह्याद्रीत स्वतःच्या हातांनी काम करून शिकला आहात. जुन्या वेशी, वाडे आणि तट सांभाळणाऱ्यांना फ्रान्समध्येही हीच काळजी असते. इथे उन्हाळ्यात जुन्या वास्तूंवर स्वयंसेवकांची शिबिरं भरतात. 1966 पासून काम करणारा ‘रांपार’ हा संस्थांचा संघ त्यासाठी परदेशी तरुणांनाही बोलावतो. महाराष्ट्रातून कोणी येणार असेल तर अर्ज भरायला आणि भाषेला आम्ही मदत करू. जुलै 2025मध्ये पॅरिसच्याच बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्या आनंदात असतानाच हे पत्र लिहावंसं वाटलं.

आणि ज्यांना यातलं काहीच शक्य नाही, त्यांनी रिकविरला आल्यावर संग्रहालयाचं तिकीट तेवढं काढावं. जिने अरुंद आहेत, ज्येष्ठांनी सावकाश चढावं. संग्रहालय वर्षभर उघडं नसतं, म्हणून निघण्यापूर्वी आम्हाला तारीख कळवा. आमच्यापैकी कोणीतरी तुम्हाला वेशीत भेटेल.