कुसला कोणी काही दान केलेलं नाही

डिचोली,
10 डिसेंबर 2023

दिल्या,

तुझ्या त्या लांबलचक व्हॉइस मेसेजचं उत्तर राहिलंच होतं. तेव्हा गणपतीची चवथ होती, घर पाहुण्यांनी भरलेलं, नंतर विषय मागे पडला. फोनवर तू मला बोलायला देत नाहीस म्हणून आता लिहूनच काढतो, म्हणजे मधे तोंड घालता येणार नाही तुला.

तर तुझं म्हणणं काय, सेप कुसला व्हुएल्टा, म्हणजे स्पेनची तीन आठवड्यांची सायकल रेस, दान मिळाली. त्याच्याच टीमच्या विंगेगार्ड आणि रोग्लिच या दोन म्होरक्यांनी दया केली आणि पाणी आणून देणाऱ्या पोराला पहिल्या नंबरची लाल जर्सी घालू दिली. अर्ध्या जगाने हेच म्हटलं आणि उरलेल्या अर्ध्याने उलटं, की त्या दोघांनी आंगलिरूच्या उभ्या चढावर त्याला मागे सोडून कुसच्या पाठीत सुरा खुपसला. मला दोन्ही पटत नाही.

आधी मुळात बघ, जर्सी आली कुठून. सहाव्या स्टेजला, म्हणजे सहाव्या टप्प्यात, हावालांब्रेच्या वेधशाळेच्या चढावर तो ब्रेकमधून, म्हणजे घोळक्याच्या आधीच निसटलेल्यांतून गेला, स्टेज जिंकला आणि बाकी मोठ्या नावांवर अडीच मिनिटांच्या वर वेळ कमावला. आठव्या स्टेजला लाल जर्सी अंगावर. आता तू म्हणशील की ब्रेकमधून मिळालेला वेळ तो काय खरा वेळ, तर मग तेराव्या स्टेजला तुर्मालेच्या घाटावर काय झालं ते सांग ना, विंगेगार्ड पहिला, कुस दुसरा, रोग्लिच तिसरा, आणि त्यांचा मोठा प्रतिस्पर्धी एव्हनपूल त्याच दिवशी जवळजवळ अर्धा तास मागे. तिथे कुसला कोणी ढकलत नेलं नव्हतं.

आणि हे सगळं करताना त्याच्या पायात काय होतं ते विसरतोस तू. मे महिन्यात इटलीच्या जिरोत रोग्लिचसाठी, जुलैत फ्रान्सच्या टूरमध्ये विंगेगार्डसाठी, मग ऑगस्टच्या शेवटी व्हुएल्टासाठी बार्सिलोनाला परत हजर. एकवीस-एकवीस स्टेजच्या तीन रेस, एका वर्षात, तिन्ही पूर्ण. टूरच्या विसाव्या स्टेजला तर आपटून चेहरा रक्ताने भरलेला तरी फिनिशला आला, वरचा नंबर गेला आणि बारावा राहिला. आमच्याकडे चवथीला आरती म्हणणाऱ्याचं कौतुक सगळे करतात पण ताल धरणारा शामेळवाला चुकला की घुमटं, कांसाळं सगळंच कोसळतं, कुस या टीमचा शामेळवाला आहे बघ.

कारण त्यांच्या टीमने, जम्बो-व्हिस्माने, या वर्षी जे केलं ते आधी कोणत्याच टीमने केलं नव्हतं, या तिन्ही मोठ्या रेस, म्हणजे ग्रँड टूर, एकाच वर्षात जिंकल्या, त्यासुद्धा तीन वेगळ्या माणसांनी. आणि तिन्ही वेळा टीममध्ये असलेला माणूस हा. जिरो तर रोग्लिचने अगदी केसाच्या अंतराने, 14 सेकंद! शेवटून दुसऱ्या दिवशी मोंते लुसारीची टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी शर्यत, रोग्लिच पहिल्या नंबरच्या थॉमसच्या 26 सेकंद मागे, आणि ऐन चढावर त्याची चेन उतरली. मी तर उठून स्वयंपाकघरात गेलो, म्हटलं संपलं. आईने विचारलं काय झालं, म्हटलं चेन पडली, ती म्हणाली मग लाव ना. तोवर त्याने लावलीसुद्धा, पुन्हा निघाला आणि 40 सेकंदांनी थॉमसला हरवलं. त्याला चढावर परत ढकलणारा प्रेक्षक त्याच्या स्की जंपिंगच्या दिवसांतला टीममेट निघाला, हे कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो.

टूरबद्दल काय लिहू, तुला पाठ आहे. कोंब्लूची 22.4 किलोमीटरची टाइम ट्रायल, विंगेगार्डने पोगाचारला 1 मिनिट 38 सेकंदांनी मागे टाकलं, दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझच्या चढावर पोगाचार रेडिओवर 'गेलो, मेलो' म्हणतोय, आणि शेवटी फरक साडेसात मिनिटांना एक सेकंद कमी. भारी होतं पण खरं सांगू, त्यानंतर पॅरिसपर्यंत मला जरा कंटाळाच आला. वसंतातल्या रेस जास्त आवडल्या, खेंट-वेवेलगेमला वाउट व्हॅन आर्टने आपल्याच टीमच्या लापोर्तला जिंकू दिलं तेव्हा कुणी दान-बिन म्हटलं नाही फारसं, किंवा म्हटलं असेल, पण तुझा व्हॉइस मेसेज नाही आला.

आता आंगलिरू. त्याच्या आदल्या दिवशी, 12 सप्टेंबरला, त्यांच्याच टीममधला नेथन व्हॅन होयडोंक गाडी चालवत असताना हृदयाच्या त्रासाने कोसळला, वाचला पण करिअर संपलं. हा जुलैत विंगेगार्डसाठी राबलेला माणूस. विंगेगार्ड त्या दिवशी बेहेसच्या चढावर पुढे सुटला तो नेथनसाठी, आणि त्यात कुसची आघाडी 29 सेकंदांवर आली. दुसऱ्या दिवशी आंगलिरू. सांखळी-केरीवरून सायकलने चोर्ला घाट चढताना तू माझ्या चाकाला चिकटून यायचास आणि वर जाऊन माझ्या आधी फोटो काढायचास, आठवतं? ते तिथे चालत नाही रे. सपाटीवर पुढच्याच्या मागे राहिलं तर साधारण तिसरा हिस्सा तरी मेहनत वाचते, पण जिथे चढ 23 टक्क्यांच्या वर जातो तिथे वेगच उरत नाही, मग वारा कसला अडवणार, प्रत्येकाने आपलं वजन आपण ओढायचं. म्हणजे ते दोघे थांबले असते तरी कुसला त्याचा आधार फार झाला नसता. मनाला झाला असता, ते वेगळं. हळू जाता आलं असतं त्यांना, आणि जायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण जिंकायला आलेल्या माणसाने जिंकायचा प्रयत्न केला याला मी दगा म्हणणार नाही. राग धरायचाच तर टीमच्या गाडीत बसलेल्या मॅनेजरांवर धर, आठव्या स्टेजपासून लाल जर्सी आपल्या पोराच्या अंगावर आहे आणि सतराव्या स्टेजपर्यंत कोणासाठी राबायचं हे ठरलेलं नाही!

आणि दान म्हणणाऱ्यांनी त्या दिवशीचा हिशोब मांडावा. रोग्लिच पहिला, विंगेगार्ड दुसरा, कुस 19 सेकंद मागे, सोबत दुसऱ्या टीमचा लांडा. तिथे शेवटच्या मीटरमध्ये कुसने लांडाला मागे टाकून तिसरा नंबर घेतला, म्हणजे एकूण वेळेतून वजा होणारे बोनसचे चार सेकंद. विंगेगार्डला सहा. 29 मधून 19 गेले, बोनसच्या फरकाचे दोन गेले, उरले आठ. आठ सेकंदांवर जर्सी टिकली ती त्याच्या पायांवर. टीमने 'आता कुसच' असं ठरवलं ते त्यानंतर. माद्रिदला फरक 17 सेकंदांचा, रोग्लिच 1 मिनिट 8 सेकंद मागे, तिघेही एकाच टीमचे. ठरवलं नसतं तर विंगेगार्डने ते सेकंद काढले असते का? बहुतेक हो, एवढं तुला देतो.

माद्रिदचा रविवार म्हणजे चवथीच्या दोन दिवस आधीचा, मी गणपतीवरच्या माटोळीला फळं बांधता बांधता मोबाईल खिडकीत टेकवून बघत होतो, काकीच्या दोन शिव्या खाल्ल्या.

आता रोग्लिच बोरा टीमला चाललाय, स्पॉन्सर जम्बो सुपरमार्केटवाले बाहेर, मधे क्विक-स्टेप टीमशी मर्जरची ती फालतू धावपळ झाली आणि फिसकटली, नवीन वर्षात टीमचं नाव व्हिस्मा–लीज अ बाईक. इतकं जिंकूनसुद्धा स्पॉन्सर शोधत फिरावं लागतं म्हणजे या खेळाचं काही खरं नाही.

नाताळात येतोयस ना? काका विचारत होते. चोर्ल्याला जाऊ, पण आठवड्याच्या मधल्या दिवशी, रविवारी बेळगावकडच्या गाड्या फार असतात. आणि येताना पुण्याहून 28 च्या दोन ट्यूब आण, लांब व्हॉल्ववाल्या, इथे मिळतात त्यांचा व्हॉल्व माझ्या रिमच्या बाहेरच येत नाही.

तुझा,
नंदू