काट्यावरचा किलो चरबीचा नव्हे

रविवारच्या पुरवणीतील ‘आठवड्यात ३ किलो घटवा’ या लेखात रोज वजन करून आरशासमोर स्वतःला दटावण्याचा सल्ला आहे. त्याला माझा ठाम आक्षेप आहे. इंदूरकराने रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत कचोरी, गराडू (तळलेला कंद) खाल्ले की सकाळी काटा किलोभर पुढे दिसतो आणि कित्येक मुली दिवसभर उपाशी राहतात. वास्तविक १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. गरजेहून तेवढे जास्त एका रात्रीत कोणी खात नाही. वाढते ते मिठाने धरून ठेवलेले पाणी. पाळीच्या आधीही अनेकींचे असेच होते. उपासाने झरझर उतरते तेही बहुतांशी पाणीच, कारण शरीरातील १ ग्रॅम ग्लायकोजनसोबत (यकृतात व स्नायूंत साठवलेल्या साखरेसोबत) सुमारे ३ ग्रॅम पाणी असते. जेवण सुरू होताच ते परतते आणि दोष मात्र स्वतःच्या निर्धाराला दिला जातो. हे फार क्रूर आहे.

वजन पाहायचेच तर आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी पाहावे. काटा सतरंजीवर नव्हे, फरशीवर ठेवावा. आणि ब्लाउजच्या शिवणीत शिंपी कापड राखून ठेवतातच. घट्ट झाला तर उसवून घ्यावा, त्यासाठी उपास धरू नये.

– एक आहारतज्ज्ञ, इंदूर